गोठा उतरवला, गव्हाण ठेवली: 40 दिवसांच्या प्रकल्प नोंदी

ठाणे पश्चिम, कोलबाड. तीन विंगांची सोसायटी, 72 घरं, त्यातली नाताळ करणारी 9. दरवर्षी मंडपात ख्रिस्तजन्माचा गोठा उभा राहतो आणि जानेवारीत कचऱ्याच्या गाडीत जातो. यंदा त्याच सामानातून वर्षभर चालणारं देवघेवीचं कपाट (नको ते ठेवा, लागेल ते न्या) करायचं आणि मेणबत्त्यांची थोटकं वितळवून नव्या ओतायच्या असं ठरलं. मुदत 2 फेब्रुवारी 2026, म्हणजे नाताळपासूनचा चाळिसावा दिवस. त्या दिवशी चर्चमध्ये मेणबत्त्या आशीर्वादित करतात. दुसऱ्या कुणाला असं करायचं असेल तर आधी चुका वाचाव्यात.

27 डिसेंबर, शनिवार

गोठा अजून उभा आहे, पण मोजदाद आत्ताच केली. उतरवताना घाईत निम्मं सामान मोडतं, म्हणून काय कशाला वापरायचं ते आधी लिहून ठेवलेलं बरं.

जांभळी नाक्यावरून आणलेल्या फळांच्या लाकडी पेट्या 11. पॅलेटच्या (माल रचायच्या लाकडी चौकटीच्या) पट्ट्या 8. पेंढा अंदाजे 4 किलो. गोणपाट, खडकासाठी रंगवलेला ब्राऊन पेपर, गहू आणि नाचणी पेरलेले 6 ट्रे, बांबूच्या कामट्यांचा मोठा तारा, एलईडीच्या माळा 5, कापसाचा बर्फ, चमकी, कागदी देवदूत. असिसीच्या संत फ्रान्सिसने 1223 साली इटलीतल्या ग्रेच्चो गावात गोठा मांडला तेव्हा चारा भरलेली गव्हाण, एक बैल आणि एक गाढव एवढ्यावर भागलं होतं. आमची यादी दोन पानांची झाली.

थोटकं गोळा करायला तिन्ही विंगांत एकेक पत्र्याचा डबा ठेवला. आधी प्लॅस्टिकचा ठेवला होता, पण त्यात कुणीतरी नुकती विझवलेली, तापलेली वात टाकली आणि तळाला भोक पडलं. पत्र्याचाच ठेवा.

31 डिसेंबर

रात्री जाळायच्या ‘ओल्ड मॅन’मध्ये, म्हणजे सरत्या वर्षाच्या पुतळ्यात, भरायला मुलं पेंढा मागायला आली. गोठा उभा असल्याने दिला नाही. पुढच्या वर्षी त्यांच्यासाठी किलोभर वेगळा आणायचा, कारण रात्री साडेदहाला गव्हाणीतला पेंढा थोडा कमी झालेला दिसला.

4 जानेवारी, रविवार

बाळ येशूच्या भेटीला आलेल्या तीन राजांचा सण. चर्चचा नाताळ काळ 11 तारखेच्या प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत चालतो. पण मंडपाची जागा 5 तारखेला मोकळी करून द्यायची होती. मूर्ती एका घरी 11 तारखेपर्यंत मांडून ठेवल्या आणि बाकीचं संध्याकाळी उतरवलं. चार माणसं, अडीच तास.

पेंढ्याने घात केला. सोसायटीच्या खतखड्ड्यात सरळ टाकायचा बेत होता, पण कापसाचा बर्फ पडेना म्हणून कुणीतरी माळ्यावरचा जुना थर्माकोल चुरून मधेमधे भुरभुरवला होता. ते दाणे पेंढ्याच्या नळीत शिरतात आणि झटकून निघत नाहीत. चमकी तर ओल्या हाताला चिकटून सगळीकडे जाते. तीन तास निवडून 4 किलोतला अडीच किलो वाचला, बाकी कचऱ्यात गेला. 2018 पासून राज्यात सजावटीच्या थर्माकोलला बंदी आहे. पुढच्या वर्षी बर्फ नाही. बेथलेहेमच्या गोठ्यावर ठाण्यातल्या मंडपात बर्फ कशाला पाडायचा, हाही प्रश्न आहेच.

वाचलेला पेंढा कोयत्याने 2-3 इंचाचे तुकडे करून खड्ड्यात. अख्खा टाकला की चटईसारखा थर बसतो, खाली हवा जात नाही आणि ओला कचरा आंबून वास मारतो. गहू-नाचणीचे ट्रे पिवळे पडले होते, दोनांना बुरशी. दाट पेरणी आणि ऊन नाही, दुसरं काय होणार! मुळांची चकती उलटी करून तीही खड्ड्यात घातली.

6 जानेवारी

पेट्या फोडल्या. खिळे ओढून काढायला गेलं की फळी चिरते. आधी मागून हातोडीने ठोकून खिळ्याचं डोकं वर आणायचं आणि मग पकडीने उपटायचं. 11 पेट्यांतून 18 इंचाच्या 46 फळ्या सरळ निघाल्या. 9 फळ्यांना सुईच्या टोकाएवढी भोकं होती आणि आपटलं की पिठासारखी पूड गळत होती. ही कीड लागलेली लाकडं चांगल्या लाकडाजवळसुद्धा ठेवू नयेत. बाजूला काढली.

पॅलेटच्या पट्ट्यांवरचा शिक्का बघून घ्या. ‘एचटी’ म्हणजे उष्णता देऊन कीड मारलेलं लाकूड, ते चालतं. ‘एमबी’ असेल तर मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली असते, ते घरात किंवा खाण्याच्या वस्तूंजवळ वापरू नये. आठांपैकी सात एचटी होत्या. एकीवर शिक्काच नव्हता, ती वापरली नाही.

पॉलिश पेपर आधी 80 नंबर, मग 120. मास्क बांधून, गच्चीत.

8 जानेवारी

कपाटाचं माप: उंची 4 फूट, रुंदी 3 फूट, खोली 1 फूट, तीन कप्पे. पॅलेटच्या पट्ट्यांचे चार खांब, पेट्यांच्या फळ्यांचे कप्पे.

फळी 18 इंचाची आणि कप्पा 36 इंचाचा, म्हणून दोन फळ्या टोकाला टोक लावून खालून पट्टी मारली. दिसायला छान झालं. चाचणीसाठी मधल्या कप्प्यावर 5 किलोच्या तांदळाच्या दोन पिशव्या ठेवल्या आणि सकाळी बघितलं तर कप्प्याच्या मध्यात बोटभर झोळ. फळीची जाडी जेमतेम 9 मिलिमीटर, वर जोड नेमका मध्यभागी, म्हणजे सगळा भार जोडावरच. उलगडून उरलेल्या पट्ट्यांचे आणखी दोन खांब मध्यभागी उभे केले आणि प्रत्येक कप्पा 18-18 इंचाच्या दोन घरांत वाटला. आता झोळ नाही. हे पहिल्यापासून केलं असतं तर एक दिवस वाचला असता. फळीची लांबी बघून कपाटाचं माप ठरवावं, उलट नाही.

या लाकडात थेट खिळा मारू नये, फळी फाटते. आधी 2 मिलिमीटरच्या ड्रिलने भोक, मग स्क्रू, टोकापासून किमान पाऊण इंच आत.

9 जानेवारी

जवसाच्या तेलाचे दोन हात. पुसलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकायची नाहीत. जवसाचं तेल वाळताना गरम होतं आणि गोळा केलेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. दोरीवर उघडी पसरून वाळवली, मग टाकली.

10 जानेवारी

जागा बदलावी लागली. पहिली जागा ए विंगच्या जिन्याखाली. सावली, पाऊस नाही, सगळ्यांच्या वाटेवर. पण आग लागली तर बाहेर पडायची वाटही तीच, आणि आपण तिथे वाळलं लाकूड नि कपडे रचणार. त्याच दिवशी उचललं. दुसरी जागा गेटजवळ वॉचमनकाकांच्या केबिनशेजारची भिंत.

कपाट उंच आणि अरुंद, त्यात मुलं खालच्या कप्प्यावर चढणार हे धरून चालायचं. म्हणून वर दोन आणि खाली दोन एल-पट्ट्यांनी भिंतीला बांधलं. भिंत एएसी ब्लॉकची, म्हणजे हलक्या वजनाच्या पांढऱ्या विटांची. नेहमीचा प्लग त्यात नुसता गरगर फिरतो, धरत नाही. चारही निघाले. हार्डवेअरच्या दुकानात ‘एएसीचा प्लग’ असं सांगूनच मागा, त्याला बाहेरून रुंद पाती असतात. भिंतीपासून दोन इंच अंतर ठेवलं, नाहीतर पावसाळ्यात मागची फळी भिजते.

मुंग्यांसाठी पायाखाली पाण्याच्या वाट्या ठेवायची सूचना आली. नको. साठलेल्या पाण्यात डासांच्या अळ्या होतात. पायांना जमिनीपासून चार इंचावर ग्रीसचा पट्टा फिरवला, चालतं. महिन्यातून एकदा पुसून नवा लावावा लागेल.

11 जानेवारी, रविवार

मूर्ती गुंडाळून पेटीत गेल्या. तारा मात्र गोठ्यावरून काढून कपाटावर टांगला. बांबूचा सांगाडा धड होता, फक्त पतंगाचा कागद फाटला होता. नवा कागद चिकटवताना गव्हाच्या पिठाची खळ वापरली. फेव्हिकॉलने कागद ताणून सुरकुततो. दिवाळीला याच सांगाड्यावर वेगळा कागद चढवून कंदील करायचा आहे.

आत 9 वॅटचा बल्ब होता. रोज 12 तास लावला तर महिन्याला 3 युनिटच्या वर जातात. अर्ध्या वॅटचा एलईडी झीरो बल्ब घातला, महिन्याला 0.18 युनिट. कपाटापुरता उजेड पडतो. जुना 15 वॅटचा तारेचा झीरो बल्ब असेल तर घालू नका, तो तापतो आणि कागद तांबूस पडून ठिसूळ होतो.

कपाट आजपासून सुरू. कुणी नाव ठेवलं नाही, पण मुलांनी पहिल्या दिवसापासून ‘गव्हाण’ म्हणायला सुरुवात केली.

15 जानेवारी

चार दिवसांचा हिशेब वाईट. आलेल्या वस्तू 63, गेलेल्या 6. आलेल्यांत वापरण्याजोग्या 36. बाकी विटलेले गाऊन, एका पायाचा बूट, झाकणाविना डबे, मुदत संपलेलं कस्टर्ड. लोक वाईट नाहीत, पण उघडा कप्पा दिसला की माळा रिकामा करायची संधी वाटते. काल संक्रांत झाली, हळदीकुंकवं सुरू, त्यामुळे वाणात लुटलेल्या प्लॅस्टिकच्या 14 चाळण्याही हजर. (चाळण्या मात्र दोन दिवसांत संपल्या. कामाला येणाऱ्या मावश्यांनी नेल्या.)

वस्तू का जात नाहीत त्याची तीन कारणं निघाली, तिन्ही आपली.

पहिलं म्हणजे पाटी. 300 रुपये खर्चून फ्लेक्स छापला होता: ‘गरजूंसाठी’. गेटवर सगळ्यांच्या देखत, स्वतःला गरजू म्हणवून घेऊन कोण हात घालील? फ्लेक्स काढला. पुठ्ठ्यावर मार्करने लिहिलं: ‘सगळ्यांसाठी आहे. लागेल ते न्या.’ मुद्दाम सोसायटीतल्या दोन घरांनी पहिल्यांदा वस्तू नेल्या.

दुसरं, वही. ‘काय नेलं, नाव लिहा’ अशी वही दोरीने बांधली होती. हिशेब नीट राहावा हा हेतू, पण ती वही म्हणजे पहारेकरीच. काढली. आता नग मोजायचे, माणसं नाहीत.

तिसरं, कॅमेरा. गेटचा कॅमेरा नेमका कपाटावर होता. कॅमेरा हलवता येत नव्हता, म्हणून कपाट चार फूट डावीकडे नेलं. भिंतीत पुन्हा चार भोकं.

17 जानेवारी

नवी यादी चिकटवली. कपडे धुतलेले, घडी घातलेले, मापाची चिठ्ठी टाचलेली. चिठ्ठी नसेल तर कुणी उलगडून बघतं आणि ढीग तसाच सोडतं. खायचं फक्त बंद पाकिटातलं आणि किमान महिनाभर मुदत असलेलं. शिजवलेलं नाही. औषधं अजिबात नाहीत. खेळण्यांतले बटणसेल काढून, लहान मूल ते गिळतं आणि आतड्याआधी अन्ननलिकाच जळते. भांडी झाकणासकट.

नाताळचा उरलेला केक देणाऱ्यांसाठी वेगळी ओळ: बेकरीच्या बंद पाकिटावर ‘अंडं आहे’, ‘रम आहे’ असं मोठ्या अक्षरात लिहा. घेणाऱ्याला नंतर कळलं तर पुन्हा तो कपाटाकडे फिरकणार नाही.

18 जानेवारी, रविवार: मेण

डब्यांत 2 किलो 300 ग्रॅम थोटकं जमली. निवडायला दीड तास. आगमन काळाच्या (नाताळआधीच्या चार आठवड्यांच्या) चक्राच्या जांभळ्या नि गुलाबी, वाढदिवसाच्या बारीक, सुगंधी ग्लासातल्या, साध्या पांढऱ्या. जेलच्या मेणबत्त्या वेगळ्या काढल्या, त्या पॅराफिनमध्ये, म्हणजे साध्या मेणात, मिसळत नाहीत. चमकी लावलेल्याही बाद, चमकी वातीत अडकून ज्योत विझवते. रंग एकत्र केले तर चिखलासारखा तपकिरी होतो, म्हणून पांढऱ्या एका भांड्यात आणि जांभळ्या-गुलाबी दुसऱ्यात.

जुनं पातेलं मोठ्या पातेल्यातल्या पाण्यात ठेवून वितळवलं. थेट आचेवर कधीही नाही. मेण धुरावायला लागलं की पेट घ्यायला वेळ लागत नाही, आणि पेटलंच तर पाणी ओतायचं नाही, झाकण टाकून गॅस बंद. शेजारी झाकण तयार ठेवलं होतं. जुन्या वाती पळीने काढल्या आणि मेण सुती फडक्यातून गाळलं. हाती आलं 1 किलो 900. गाळ मोरीत टाकू नका, पाइपात जाऊन थिजतो. वर्तमानपत्रावर थापून सुक्या कचऱ्यात.

20 ते 23 जानेवारी: वात

सगळ्यात जास्त वेळ इथे गेला. सुतळी धुरकट जळली आणि पाच मिनिटांत विझली. समईची लांब वात छान पेटली, पण ती नुसती वळलेली असते. मेणात उलगडते, टोकाला काजळीचं बोंड धरते आणि ज्योत भडकते. अखेर सुती दोऱ्याची तीन पदरी वेणी घातली. वेणीची वात जळताना एका बाजूला वाकते, टोक ज्योतीच्या बाहेरच्या गरम भागात येतं आणि जळून जातं, म्हणून बोंड साठत नाही.

1 कप कोमट पाण्यात 1 चमचा मीठ आणि 2 चमचे टाकणखार विरघळवून वाती रात्रभर भिजवल्या आणि दोन दिवस वाळवल्या. पहिली खेप एकाच दिवसात वापरली होती, ती तडतडली. पूर्ण वाळल्यावर वात एकदा वितळलेल्या मेणात बुडवून ताणून ठेवली की काडीसारखी सरळ राहते.

24 जानेवारी, शनिवार: ओतणं

साचा म्हणून 25 मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप, दहा फुटांचे 6 इंचाला थोडे वरचढ असे 19 तुकडे. प्रत्येकाला करवतीने उभी एकच चीर दिली आणि रबरबँडने आवळलं. चीर नसेल तर मेणबत्ती निघत नाही. बूड शाडूने बंद. गणपतीची उरलेली शाडू माती घट्ट मळून वापरली. कणीकही धरते, पण बुडाशी बुडबुडे येतात. वात खाली शाडूत रोवलेली, वर आगकाडीला बांधून ताठ.

पहिल्या पाचात मेण 85 अंशांवर ओतलं. पाइप मऊ पडून वाकले, चिरा उघडल्या आणि सगळं ओट्यावर. पीव्हीसी 75-80 अंशांपुढे टिकत नाही. त्यानंतर 350 रुपयांचा थर्मामीटर आणला आणि 68 ते 70 अंशांवर ओतलं. 60 च्या खाली गेलं तर मेणबत्तीवर आडव्या वळ्या पडतात.

अर्ध्या तासाने वातीभोवती खळगा पडतो, कारण मेण थिजताना आकसतं. वरून दिसतो त्यापेक्षा आत खोल असतो. दाभणाने वातीशेजारी दोन भोकं पाडून पुन्हा मेण ओतायचं. हे केलं नाही तर मेणबत्ती मध्येच विझते. चार तासांनी दहा मिनिटं फ्रीजमध्ये, मग रबरबँड काढला की सरकन निघते. आतून आधी खोबरेल तेलाचं बोट फिरवलेलं हवं.

उरलेल्या 14 साच्यांत तीन खेपा: 14, 14 आणि 6. एकूण 34. प्रत्येकी साधारण 50 ग्रॅम. एक जाळून बघितली, वारा नसलेल्या खोलीत 6 तास 40 मिनिटं चालली. पावसाळ्यात वीज गेली तर दोन संध्याकाळी निघतील.

25 जानेवारी, रविवार

दर महिन्याची 25 तारीख कपाट रिकामं करण्याची, असं ठरलं आहे. आज पहिली. गेल्या आठ दिवसांत 41 वस्तू आल्या, 33 गेल्या. उरलेल्यांपैकी सुती कपडे फडक्यांसाठी वॉचमनकाकांकडे, डबे भंगारात, बाकी देणाऱ्यांनी परत नेलं. उरलेलं एखाद्या आश्रमाच्या दारात नेऊन टाकायचं नाही असा नियम आहे. संस्थेला द्यायचंच तर आधी फोन करून त्यांना काय हवं ते विचारायचं. बहुतेक वेळा त्यांना साबण, तेल, तूरडाळ हवी असते, आपले जुने स्वेटर नको असतात.

महिन्याला एक घर अशी 12 घरांची पाळी लावली. नाताळ करणारी घरं 9च, म्हणून तीन घरं बाहेरची. जूनची पाळी शाळेच्या दप्तरांची आणि रेनकोटांची, ती एका जोशीकाकूंनी आधीच मागून घेतली.

2 फेब्रुवारी, सोमवार

हातात 33 मेणबत्त्या. 9 तलावपाळीच्या सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चमध्ये आशीर्वादासाठी नेल्या. जांभळटातल्या दोन वाटेत तुटल्या. पाठवताना कागदात आडव्या गुंडाळा, पिशवीत उभ्या नकोत. तुटलेल्या वातीला लोंबकळत होत्या, तशाच पेटवल्या आणि जळल्या. 24 गव्हाणीच्या वरच्या कप्प्यात, काड्यापेटीशिवाय. काड्यापेटी मुलांच्या हाती लागते.

खर्च: स्क्रू 110, एल-पट्ट्या 80, एएसी प्लग 60, जवसाचं तेल 220, पॉलिश पेपर 90, होल्डर-वायर-बल्ब 130, दोरा आणि टाकणखार 95, थर्मामीटर 350, पाइप 140. पाण्यात गेलेले: साधे प्लग 40, फ्लेक्स 300. एकूण 1,615 रुपये. वेळ चार माणसांचा मिळून 52 तास, त्यातले 14 दुरुस्त्यांत.

राहिलेली कामं: खालच्या कप्प्याच्या डाव्या कोपऱ्यात काल पुन्हा पिवळट पूड दिसली. एक फळी नजरेतून सुटली असावी. उद्या काढून बदलायची, आणि तिच्या शेजारच्या दोन्ही आपटून बघायच्या. मेण गोळा करायचा पत्र्याचा एक डबा गेटवर तसाच ठेवला आहे. कालपासून त्यात 80 ग्रॅम जमलं.